आधी खूण, मग पाना

शालननं आणि मी मिळून शेवटचं साधं काम केलं ते कॉम्प्युटरचा सेल बदलायचं. सकाळची वेळ होती. गॅलरीत जुना पेपर अंथरून त्यावर कॅबिनेट आडवं टाकलं होतं. स्क्रू मी सोडले, कारण स्क्रूड्रायव्हर आणि पाने हे घरात माझं खातं. आतली धूळ तिनं ब्रशनं झाडली, नखानं बारकी खिटी दाबली, तसा रुपयाच्या नाण्याएवढा सेल टक्कन वर आला. घड्याळवाल्याकडनं आणलेला नवा तिनं कडेनं धरून बसवला. मी झाकण लावलं, स्क्रू आवळले.

"आता सेटिंग घालायचं," ती म्हणाली. "पण ते तुम्ही घालायचं. मी नुसती बाजूला बसणार."

"मला येत नाही."

"म्हणून तर."

"उद्या घालू. आता भूक लागलीय."

"बरं, उद्या सकाळी. पण पळून जाऊ नका."

पळून मी गेलो नाही. संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, आणि तिथनं ती परत आली नाही. एवढंच लिहितो. त्या दिवसाचं बाकीचं मला लिहायचं नाही.

कॉम्प्युटर तसाच टेबलावर राहिला, आणि त्याच्या पोटात दहावीचं अख्खं इतिहासाचं पुस्तक राहिलं, शालनच्या आवाजात. ते पुस्तक चऱ्होलीच्या वसतिगृहातल्या पोरींसाठी होतं. त्या पोरींना दिसत नाही. त्यांच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या, आणि त्या आवाजाची दुसरी प्रत कुठंही नव्हती.

शालन म्हणजे माझी बायको. माझी शाळा सातवीपर्यंत, तिची बारावी. परभणीकडनं लग्न होऊन आली तेव्हा मी चाकणला एका कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा, होतो आणि आम्ही कासारवाडीत रेल्वे लाइनीच्या कडेला खोली घेतली होती. मी कंपनीच्या बसनं जायचो. ती जवळच्याच एका शाळेत लागली, कॉम्प्युटरच्या खोलीत. काम काय, तर खोली उघडणं, झाडणं, मुलं बसवणं, मशीन चालू-बंद करणं. शिकवणारे सर वेगळे. पण चालू-बंद करता करता तिला एक गोष्ट कळली की मशीन चालू झाल्या झाल्या एक पडदा येतो आणि लगेच जातो, आणि त्या पडद्यामागं काहीतरी आहे.

ते म्हणजे बायोस. मला तिनं असं सांगितलं होतं: "तुमच्या कंपनीत साहेब यायच्या आधी एक माणूस येतो ना, शटर उघडतो, मेन स्विच टाकतो, कोणती मशीन कुठं आहे बघतो, मग साहेब आले की म्हणतो, या. तसा हा. विंडोज म्हणजे साहेब. हा शटरवाला."

"आणि सेल?"

"शटरवाल्याची आठवण. लाईट गेली तरी तारीख काय, डिस्क कशी लावलीय, हे त्याला आठवावं म्हणून. सेल मेला की रोज सकाळी पहिल्या दिवशी कामावर आल्यासारखा येतो."

बारकी होती अंगानं, पण आवाज खणखणीत. गर्दीत हाक मारली की चार अनोळखी माणसं मागं वळायची. आणि सगळं मोठ्यानं वाचायची सवय. बसची पाटी, बिस्किटाचा पुडा, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर. मी म्हणायचो, "मनात वाच की जरा." ती म्हणायची, "मनात वाचलं की माणूस त्याला पाहिजे ते वाचतो. मोठ्यानं वाचलं की लिहिलंय ते वाचावं लागतं."

ही सवय तिला लागली एका फजितीतनं. कामावर नवी होती तेव्हा एका मशीनच्या त्या पडद्यामागं ती शिरली. डिलीट बटण टकटक दाबत राहिलं की शिरता येतं. तिथं एक ओळ दिसली, मूळ सेटिंग लावा, अशा अर्थाची. मूळ म्हणजे चांगलंच असणार, असं वाटून बाईंनी लावलं, बाहेर पडताना जे विचारलं त्याला हो म्हणून टाकलं, आणि मशीन चालूच होईना. त्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढता खाटेवर बसली.

"मी मशीन मारलं."

"हातोडा घातलास का?"

"चेष्टा नको. उद्या सरांना काय सांगू?"

मी सगळं विचारून घेतलं. कॉम्प्युटर मला कळत नव्हता, पण सेटिंग म्हणजे काय ते कळत होतं. प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवायची असली की पत्रा अडवायचा स्टॉपर सरकवावा लागतो. नवा पोरगा सरळ पाना लावून ढिला करतो आणि मग विचारतो, आधी कुठं होता? शहाणा सेटर आधी मार्करनं रेघ मारतो, मग पाना लावतो. चुकलं तर स्टॉपर रेघेवर परत नेता येतो. आणि सरकवल्यावर लगेच ढीगभर माल काढत नाही. एक पीस काढतो, गेज लावून माप बघतो, क्वालिटीवाल्याकडनं पास करून घेतो. पहिला पीस पास झाल्याशिवाय दुसऱ्या बोल्टाला हात नाही. आमच्याकडं ह्यावरनं कितीजणांना बोलणी बसली असतील.

"तू रेघ मारली होतीस का?" मी विचारलं.

"पडद्यावर रेघ कशी मारणार?"

"मारायची कशीही. शेजारच्या मशीनवर बघ. एकाच लॉटची आहेत ना सगळी?"

दुसऱ्या दिवशी तिनं तेच केलं. शेजारचं मशीन उघडलं, एक ओळ इथली, एक ओळ तिथली, मोठ्यानं वाचत गेली. वेगळी ओळ सापडली ती बदलली, जतन केलं, मशीन उठलं. घरी आली ती जिलेबी घेऊन, आणि मला म्हणाली, "आजपासून तुमचा कायदा लागू. आधी खूण, मग पाना. एका वेळी एक बोल्ट. पहिला पीस."

मोबाईल आल्यावर खुणेचं काम सोपं झालं. काहीही बदलायच्या आधी पडद्याचा फोटो. मग एकच गोष्ट बदलायची. मग जतन करून बाहेर, आणि मशीन उठतंय का बघायचं. नाही उठलं तर परत जाऊन तीच गोष्ट मागं घ्यायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघडलं, तर कोणत्या गोष्टीनं बिघडलं ते कसं कळणार? आणि आत शिरून काही गोंधळ वाटला तर न जतन करता बाहेर पडायचं. तो रस्ता तिचा फार आवडता. घरातही वापरायची. आमचं भांडण झालं आणि मी तोंड वाकडं करून शिफ्टला निघालो की दारातनं विचारायची, "मघाचं बोललात ते सेव्ह करून चाललात का तसंच टाकून?" मी बूट घालता घालता म्हणायचो, "टाकून." मग डबा हातात यायचा.

आमच्या पलीकडं संजू राहतो. हिंजवडीला कंपनीत आहे, मोठ्या पगाराचा, पण पोरगा चांगला, शालनला काकू म्हणायचा. त्याचं काम प्रोग्रामचं, शटरवाल्याशी त्याचा संबंध येत नव्हता. एकदा तो आला, "काकू, व्हिडिओत बघितलंय, बायोसमध्ये स्पीड वाढवता येतो. माझ्या घरच्या मशीनचा वाढवून द्या ना."

"तुझ्या व्हिडिओवाल्याला सांग."

"घाबरता काय राव तुम्ही?"

"घाबरत नाही. ते व्होल्टेजचं काम आहे आणि मला त्यातलं कळत नाही. कळत नाही त्या ओळीला मी बोट लावत नाही. तू लाव, पण मग धूर आला तर माझ्याकडं पाणी मागायला येऊ नको."

दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा त्याला बायोसच नवा टाकायचा होता. म्हणजे शटरवाला बदलून दुसरा आणायचा. ते कधी कधी लागतं, ती नाही म्हणाली नाही. नुसतं विचारलं, "काय अडलंय तुझं जुन्यावर?"

"अडलं काही नाही. नवा आलाय म्हणून."

"आणि आज वार कोणता?"

"गुरुवार."

"गुरुवारी आपल्याकडं लाईट जाते हे तुला ठाऊक नाही? नवा टाकताना मध्येच लाईट गेली म्हणजे जुना निघून गेला आणि नवा आलाच नाही. मग शटर उघडणार कोण? बॅटरीवाला यूपीएस आहे का तुझ्याकडं? नाही. मग ऊठ. गुरुवारी आमच्या बायोसचा उपास असतो."

संजू हसत हसत घरी गेला. लाईट तासाभरात गेली. गॅलरीतनं ह्यानं हात जोडले आणि हिनं तिकडं न बघता पापड वाळत घातले.

ती काही सगळं जाणणारी नव्हती. मिक्सर तिनं दोनदा जाळला. मोबाईलमधले फोटो कुठं जातात हे शेवटपर्यंत तिला कळलं नाही. आणि जतन कर, जतन कर असं जगाला सांगणाऱ्या बाईनं स्वतःच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत ठेवली नव्हती. पुस्तक पुरं झालं की एकदम पेन ड्राइव्हवर घ्यायचं, अर्धवट न्यायचं नाही, असा तिचा हट्ट. मराठी, भूगोल तसेच पोचते केले; इतिहास नुकताच पुरा झाला होता, तो घ्यायचा राहिला. हे तिचं चुकलंच. जिवंत असती तरी मी म्हणालो असतो.

त्या रेकॉर्डिंगचं असं झालं. शाळेतनं ती निवृत्त झाली आणि घरात गप्प बसेना. कुणीतरी सांगितलं की चऱ्होलीला एक वसतिगृह आहे, तिथल्या पोरींना पुस्तकं वाचून द्यायला माणसं पाहिजेत. मोठ्यानं वाचणारीला आणखी काय हवं? शाळेनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिनं मागून आणला, माईक घेतला, आणि दुपारी दार लावून वाचायला बसायची. आमच्या खोलीशेजारनं लोणावळ्याच्या गाड्या जातात. गाडी आली की ती वाक्याच्या मध्येच थांबायची, गाडी गेली की तिथनंच पुढं. गाडीचा आवाज नंतर कापायची. मी मात्र कापला गेलो नाही. दुपारी झोपेतनं उठलो की मला आठवण राहायची नाही, आणि मी आतनं ओरडायचो, "चहा टाकू का?"

"अहो, चालू आहे," ती म्हणायची.

"काय चालू आहे?"

"रेकॉर्डिंग. टाका चहा, पण भांडी न वाजवता."

मी म्हणायचो, कापून टाक ते. तर म्हणायची, "राहू दे. पोरी कंटाळतात तहाबिहाला. तेवढंच हसतात."

शेवटच्या आठवड्यात सेल मेला होता. रोज सकाळी मशीन उठायचं ते कोरं होऊन. तारीख कुठली तरी जुनी, आणि डिस्कची ओळ चुकीची. रोज ती आत शिरून दोन्ही घालायची. त्या शेवटच्या सकाळी, सेल काढायच्या आधी, दोन्ही नीट घातल्यावर तिनं तिच्या मोबाईलवर माझ्याकडनं त्या पडद्याचा फोटो काढून घेतला. "तुम्हीच काढा, तुम्हालाच लागणार आहे." मी काढला. मग मशीन बंद केलं, प्लग काढला, गॅलरीत पेपर अंथरला.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि घर एकदम मोठं झालं. मी कॉम्प्युटरकडं बघत नव्हतो. मग वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. फार अडखळत बोलल्या. "काका, आत्ता विचारू नये, पण ताईंचं इतिहासाचं वाचन पुरं झालं होतं का? पोरी विचारतात."

मी झालं होतं म्हणालो, आणतो म्हणालो, आणि फोन ठेवून बटण दाबलं. विंडोजच्या जागी निळा पडदा, त्यावर एक आडवं रडकं तोंड, इंग्रजीत काहीतरी, आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू. पुन्हा रडकं तोंड. मीच तेवढा राहिलो होतो रडायचा, आता हेही.

रिक्षात घालून दुकानात नेलं. दुकानदार भला माणूस, त्यानं लावून बघितलं. "काका, विंडोज उठत नाही. नवी टाकावी लागेल."

"आतलं?"

"सी ड्राइव्हवरचं जाईल. डिस्क काढून दुसरीकडं लावून बघतो हवं तर, पण डिस्क फार जुनी आहे, आवाज करतेय. काढघालीत काय होईल, शब्द देत नाही."

"आत माझ्या बायकोचा आवाज आहे."

त्यानं लावलेल्या वायरी काढल्या. मग म्हणाला, "मग घाई करू नका. घरी न्या. कुणी जाणकार असला तर दाखवा. टाकायची विंडोज कधीही टाकता येते."

संजू त्या वेळी कामासाठी बंगळूरला होता. फोनवर तो म्हणाला, "काका, मी येईपर्यंत हात लावू नका." मी बरं म्हणालो. पण जेवताना डोक्यात फिरायला लागलं. तिचा आवाज जाईल ही भीती होतीच, पण त्या भीतीपेक्षा जुनी माझी सेटरची सवय होती. मशीन चालत होतं. आम्ही एकच काम केलं, सेल बदलला. मग मशीन चालेना. मग मोडलं काय असणार? स्टॉपर सरकलाय, एवढंच. आणि रेघ मारली होती. मीच मारली होती.

तिचा मोबाईल कपाटात, साड्यांखाली ठेवला होता. चार्जिंगला लावला आणि तो उठेपर्यंत टेबलाशी बसून राहिलो. फोटो उघडला. हात हललेला होता माझा, तरी वाचता येत होतं. तिचं बोट फोटोत आलं होतं. हिरवी बांगडी, आणि बोट एका ओळीवर टेकलेलं. मला दाखवत होती ती त्या वेळी, ही ओळ नीट घ्या म्हणून. आणि बोट असं टेकलं होतं की ओळीचं नाव दिसत होतं, पुढं काय घातलंय तेच झाकलं गेलं होतं.

मला आधी राग आला. मग हसू आलं. इंग्रजी मला पार्ट नंबर वाचण्यापुरतं येतं, तेवढं पुरलं.

डिलीट दाबत राहिलो, आत शिरलो. आधी आत्ता आहे त्याचा फोटो काढला, तिच्याच मोबाईलवर. मग मोठ्यानं वाचायला लागलो, एक ओळ फोटोतली, एक पडद्यावरची. घरात दुसरं कुणी नव्हतं, लाज कशाची. तारीख चुकीची होती, ती घातली. जतन केलं, बाहेर. रडकं तोंड. ठीक आहे, तारखेचा दोष नव्हता. पुन्हा आत. बाकी सगळ्या ओळी जुळल्या. राहिली बोटाखालची. डिस्क कशी बोलते त्याची ओळ. पडद्यावर तिथं आय-डी-ई होतं. एंटर मारल्यावर तीन पर्याय उघडले. एक आत्ताचा, तो चालत नव्हता. तिसऱ्याबद्दल ती नेहमी म्हणायची, ते दोन-चार डिस्कवाल्यांचं, आपल्या घरचं नाही, त्याला हात नाही. मधला राहिला, ए-एच-सी-आय. तो घेतला. दुसऱ्या कशालाही बोट लावलं नाही.

बाहेर पडताना विचारलं, जतन करून जायचं का. मी मोठ्यानं म्हणालो, "होय बाई, जतन."

पडदा काळा झाला. गाडी गेली बाहेरनं, खिडकी थरथरली. मग ते गोल गोल ठिपके फिरायला लागले, आणि विंडोज आली, आणि तिनं लावलेला जास्वंदीचा फोटो पडदाभर पसरला. फाइली ओळीनं होत्या, धडा पहिल्यापासून शेवटापर्यंत. मी खुर्चीत मागं टेकलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकल्यासारखी वाटली. फाइल एकही उघडली नाही. पेन ड्राइव्हवर घेतलं, मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर परत घेतलं. मग मशीन बंद केलं आणि भिंतीतला प्लग काढून ठेवला. नवा सेल खरा की नाही, ते प्लग काढल्याशिवाय कळत नाही.

सकाळी उठून आधी प्लग लावला. तारीख बरोबर, वेळ बरोबर, डिस्कची ओळ जागेवर. पीस पास. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बसनं चऱ्होलीला गेलो. शेताच्या जागी सगळीकडं बिल्डिंगी उठल्यात, वसतिगृह विचारत विचारत सापडलं. बाईंनी मला पोरींच्या खोलीत नेलं. दहाबारा पोरी सतरंजीवर बसल्या होत्या. मी दारात उभा राहून म्हणालो, "नमस्कार पोरींनो. इतिहास आणलाय."

सगळ्यांनी कान टवकारले. मग कोपऱ्यातली एक पोरगी मान वाकडी करून म्हणाली, "तुम्ही चहावाले काका का?"

"कोण चहावाले?"

"तेच, 'चहा टाकू का' म्हणणारे. मराठीच्या पुस्तकात आहात तुम्ही. भूगोलात पण."

"तेच मी."

बाईंनी पेन ड्राइव्ह लावला. पोरी म्हणाल्या, शेवटचा धडा लावा, तो वर्गात राहिलाय. शालनचा आवाज आला. खणखणीत. मी भिंतीला टेकून उभा होतो. ती एक पान वाचून गेली, दुसरं वाचून गेली, मध्ये थांबली, गाडी गेली असणार. आणि मग मागनं, भिंतीपलीकडनं आल्यासारखा, माझा झोपाळलेला आवाज, आणि तिचं ते, "अहो, चालू आहे."

पोरी हसल्या. ती कोपऱ्यातली पोरगी माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "काका, मग टाका की चहा."

स्वयंपाकघर कुठंय ते मी बाईंना विचारलं. सगळ्यांसाठी टाकला, भांडी न वाजवता.